केराबाईचा हात

सोलापुरात कुणाचा पुतळा उभारायचा म्हटलं की निम्मं गाव हार घेऊन पुढं येतं आणि उरलेलं निम्मं भांडण घेऊन. पंचवीस वर्षांपूर्वी शहरातल्या एका लेखकाचा पुतळा उभारायचं ठरलं, तेव्हा हारवालेही भांडायलाच आले. कारण हे गाव एका भाषेत लिहून गप्प बसणारं नाही. मराठीवाल्यांना त्यांचा लेखक हवा, कन्नडवाल्यांना त्यांचा, विणकर घरांतल्या तेलुगू मंडळींना त्यांचा कवी, उर्दूवाल्यांना त्यांचा शायर. सात बैठका झाल्या. आठव्या बैठकीत शिल्पकार गुरुराज उठले आणि म्हणाले, "मी कुणाचाच चेहरा करत नाही. मांडीवर कागद घेऊन बसलेला एक लिहिणारा माणूस करतो. ज्याला जो दिसेल तो त्यानं बघावा." यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. आपला नाही तर नाही, पण समोरच्याचाही नाही, या आनंदात ठराव पास झाला आणि चहा आला.

तो पुतळा आज सात रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एका छोट्या बागेत बसलेला आहे. ब्राँझचा, माणसाच्या दीडपट. त्याचा इतिहास चौथऱ्यावरच्या दगडात कोरलाय. समिती आहे, शिल्पकार आहे, तारीख आहे. एक गोष्ट तेवढी त्यात कोरलेली नव्हती. त्या पुतळ्याचा उजवा हात केराबाईचा आहे.

केराबाई मूळची मैंदर्गीची. वडील धुळा, त्यांची पाऊणशे मेंढरं. पावसाळ्यापुरतं गाव आणि बाकीचे आठ महिने मेंढरांमागं रानोमाळ. वाटेत शाळा दिसायची आणि मागं पडायची. चालता चालता लोकर कातायला तिला धुळानंच शिकवलं. टकळीचं वरचं टोक अंगठा आणि दोन बोटांत धरायचं, फिरकी द्यायची, करंगळी मोकळी ठेवायची आणि नजर मेंढरांवर. "हाताकडं बगायचं न्हाय," तो सांगायचा. "हाताला त्याचं काम म्हाईत असतंय की. आपुन आपलं ध्यान कळपावर ठिवायचं." आठव्या वर्षी पोरीचं सूत इतकं एकसारखं निघायला लागलं की घोंगड्या विणणारे सनगर बाजारात विचारायचे, हे कुणी कातलं? मैंदर्गीचा बाजार निम्मा कन्नडमध्ये चालतो. धुळाही कन्नडमध्येच सांगायचा, "नन्न मगळु." माझी लेक. आणि मिशीवरून हात फिरवायचा.

पुढं लग्न झालं. नवरा अजिनाथ चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला, त्यामुळं केराबाई सोलापुरात एका खोलीत राहायला आली. मेंढरं सुटली, रान सुटलं. टकळी सुटली नाही. गुरुराजांच्या शेडमध्ये तिला काम मिळालं होतं. पुतळ्याची माती चाळायची, मळायची, संध्याकाळी ओली फडकी गुंडाळायची. कामावर येताना तिच्या टोपलीत भाकरीशेजारी टकळी असायची. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया घटकाभर आडव्या व्हायच्या आणि ही भिंतीला टेकून कातत बसायची. "हात रिकामा ठिवला की कायतरी चुकल्यासारकं होतंय," असं तिचं म्हणणं.

इकडं गुरुराज रडकुंडीला आले होते. लिहिणाऱ्या माणसाची बैठक जमली, झुकलेली मान जमली, कपाळावरची आठीसुद्धा जमली. हात काही जमेना. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष प्राध्यापक रावजी सर नमुना म्हणून बसायला आनंदानं तयार झाले. कडक इस्त्रीचा सदरा घालून, भारी पेन घेऊन ते चार दिवस आले आणि चारही दिवस लग्नाचा फोटो काढायला बसावं तसे बसले. गुरुराजांनी मातीचा हात चार वेळा केला आणि सर घरी गेल्यावर चार वेळा मोडला.

पाचव्या दिवशी दुपारी ते चिडून शेडबाहेर आले. केराबाई भिंतीशी बसली होती. एक गुडघा उभा, टकळी बोटांत फिरतेय आणि नजर समोरच्या बाभळीपलीकडं कुठंतरी हरवलेली. ते दारातच थबकले.

"तंगी," त्यांनी हळूच हाक मारली. कन्नडमध्ये धाकट्या बहिणीला म्हणतात तसं ते तिला म्हणायचे. "हलू नको. हांग इरली, असंच राहू दे."

"काय झालं अण्णा? इच्चू हाय का काय?"

"विंचू नाही. हात आहे."

आठ दुपारी ती तशी बसली. नवव्या दिवशी गुरुराजांनी ओलं फडकं काढलं आणि मातीतला हात तिला दाखवला. तिचाच अंगठा, तीच दोन बोटं, पेराशी जराशी वाकलेली तीच करंगळी. टकळीच्या जागी फक्त लेखणी आली होती. केराबाईनं पटकन आपला हात पदराखाली घेतला. मग पुन्हा बाहेर काढला, त्या हाताशेजारी धरून बघितला आणि लहान पोरीसारखी हसली.

"एक कर," गुरुराज म्हणाले. "रावजी सरांना वाटतंय हा हात त्यांचा आहे. वाटू दे. भला माणूस आहे, उगाच त्याचं मन मोडेल. तू कुणाला बोलू नको."

नुसतं बरं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण धनगराच्या घरात शब्द असा सुटा देत नाहीत. केराबाईनं कमरेची पिशवी सोडली, बिरोबाच्या भंडाऱ्याची, म्हणजे देवाच्या हळदीची चिमूट तळहातावर घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "बिरोबाची आन हाय अण्णा. ह्यो हात कुनाचा ते माज्या तोंडानं मी कुनाला सांगनार न्हाय."

"अगं, एवढं कशाला?" गुरुराज घाबरून म्हणाले. पण तोवर भंडारा उचलून झाला होता.

अनावरणाच्या दिवशी ती तान्ह्या लेकीला, ऋतुजाला, काखेत घेऊन गर्दीच्या अगदी मागं उभी राहिली. चार भाषांत भाषणं झाली. पडदा सरकला तेव्हा लोकांनी चेहऱ्याकडं बघितलं आणि जो तो आपापल्या लेखकाला ओळखून टाळ्या वाजवायला लागला. केराबाई तेवढी हाताकडं बघत होती. शेजारी उभ्या असलेल्या अजिनाथनं विचारलं, "कोन हाय गं ह्यो?" ती म्हणाली, "मला काय म्हाईत?"

काही वर्षांनी गुरुराज वारले आणि शेड बंद पडलं. केराबाई बागा झाडायच्या कामाला लागली. मुकादमानं दुसरी बाग देऊ केली होती, सावलीची आणि कमी कचऱ्याची. तिनं हट्टानं ही पुतळ्याचीच मागून घेतली. तेव्हापासून रोज सकाळी खराटा, मग पाण्याची बादली आणि फडकं. ऊन, धूळ, कबुतरं, निवडणुकीतले कागद, सगळ्यांशी तिनं एकटीनं दावा मांडला. एका वर्षी कुठल्याशा हौशी मंडळानं भक्तीच्या भरात सगळ्या पुतळ्याला चंदेरी रंग फासला. तो उतरवायला तिला बारा दिवस लागले. त्यातले पहिले दोन दिवस एकट्या उजव्या हाताला दिले. चेहऱ्याला म्हटलं, थांब जरा.

रावजी सर महिन्यातून एकदा तरी नवे विद्यार्थी घेऊन यायचे. "हा हात बघून घ्या," ते सांगायचे. "चार दिवस बसलो होतो मी, चार दिवस!" केराबाई पाठमोरी होऊन तोंडाला पदर लावायची. एकदा त्यांनी तिला प्रेमानं विचारलं, "बाई, हात नीट पुसता ना माझा?" ती म्हणाली, "व्हय की सर. आदी हातच पुसते." सर इतके खूश झाले की पुढच्या संक्रांतीला तिच्या हातावर न विसरता तिळगूळ ठेवून गेले. सहा वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा केराबाई घरच्या माणसासारखी रडली.

तिला अभिमान होता का? होता तर! भलताच होता. दहावीच्या परीक्षेला निघालेली पोरं सकाळी येऊन त्या हातातल्या लेखणीला पेन लावून जायची, तेव्हा तिचा ऊर भरून यायचा. पुतळ्याच्या वर्धापनदिनी चारही भाषांतले कवी त्याच हाताखाली उभे राहून कविता म्हणायचे. तिला त्यातल्या दोन भाषा कळायच्या आणि लिहिता एकही येत नव्हती. घरी भाकरी थापताना मध्येच थांबून ती आपल्या पिठाळ बोटांकडं बघायची आणि स्वतःशीच हसायची. अजिनाथला वाटायचं, बायकोला कधीकधी भ्रम होतो.

आणि मग पुतळ्याचं पंचविसावं वर्ष उजाडलं. नवी समिती झाली. अध्यक्ष झाले गंगाधर मास्तर. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक, छत्तीस वर्षांची नोकरी, आणि त्यातला निम्मा वेळ पोरांची बोटं सरळ करण्यात गेलेला. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस सोलापुरात कुठंही त्याच्या अक्षरावरून ओळखू येतो. डागडुजीसाठी मास्तर पहिल्यांदाच पुतळ्याच्या अगदी जवळ गेले, चष्मा पुसला आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही काय लेखणी धरायची रीत झाली? वरच्या टोकाला धरलीय! उभी! करंगळी वाऱ्यावर! असं धरून एक काना तरी काढता येईल का कुणाला?"

समितीच्या चिटणीस देवयानीबाई कथा लिहायच्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या ना मास्तर, इतकी वर्षं कुणाला खुपलं नाही."

"पोरं त्या हाताच्या पाया पडतात," मास्तर म्हणाले. "चुकीच्या हाताच्या?" माणूस दुष्ट नव्हता. उलट पोरांच्या काळजीनं त्याला झोप लागत नव्हती. मोत्यासारख्या अक्षरात चार पानांचं टिपण त्यांनी समितीपुढं ठेवलं आणि ठराव झाला. उजवा हात मनगटापासून कापायचा आणि शास्त्रशुद्ध पकडीचा नवा हात बसवायचा.

केराबाईला हे कळलं ते शरणप्पाकडून. शरणप्पा चिंचोळीचा वेल्डर. तो पुतळ्याच्या मनगटाला टेप लावून माप घेत होता आणि ती खाली पानं झाडत होती.

"काय करायलास रं?"

"हात कापायचाय अक्का. येत्या सोमवारी. नवा बसवनार हायेत."

केराबाईच्या हातातला खराटा गळून पडला.

दोन दिवस तिला घास गिळेना. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ती खोलीत बसून राहायची. "दुकतंय का?" अजिनाथ विचारायचा. "काय न्हाय," ती म्हणायची. सांगावं तर आन मोडते. न सांगावं तर हात जातो. गुरुराज गेले, तिच्या वतीनं बोलायला जिवंत माणूस उरला नव्हता. ज्यांचं मन राखायला आन घेतली ते रावजी सरही गेले म्हणून आन सुटते, असं दुसऱ्या कुणाच्या मनात आलं असतं. केराबाईच्या ते मनातही आलं नाही. ती फक्त आपले तेव्हाचे शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिली. माज्या तोंडानं सांगनार न्हाय. माज्या तोंडानं.

शनिवारी सकाळी ती एसटीनं मैंदर्गीला गेली. भाऊ मल्हारकडं अजून वीस-पंचवीस मेंढरं आहेत.

"लोकर दे थोडी," ती म्हणाली.

"लोकर? आता कोन इचारतंय लोकरीला? आमी फेकून देतो."

"मग फेकायची ती मला दे. आन् लई प्रश्न इचारू नगं."

सोमवारी आठ वाजता शरणप्पा शिडी आणि ग्राइंडर घेऊन आला. मास्तर वही-पेन घेऊन आले. सुवर्णाक्षरांनी लिहावं असं भाषण त्यांना वर्धापनदिनासाठी करायचं होतं आणि चार दिवस पहिलं वाक्यच सुचत नव्हतं. देवयानीबाई आल्या, दहाबारा बघे जमले. केराबाईनं नेहमीसारखी बाग झाडून काढली, खराटा कोपऱ्यात ठेवला, नळावर हात धुतले आणि सरळ जाऊन चौथऱ्यावर बसली. पुतळ्याच्या उजव्या अंगाला, त्याच्यासारखाच एक गुडघा उभा करून. पिशवीतून लोकर काढली, टकळी काढली.

"बाई, उठा बरं. काम सुरू करायचंय," मास्तर म्हणाले.

केराबाई उठली नाही. तिनं फिरकी दिली. सूत निघायला लागलं. तिची नजर समोर, रस्त्याच्या गर्दीपलीकडं.

शरणप्पा शिडीच्या दोन पायऱ्या चढला होता. तिथून त्याला वरचा हात आणि खालचा हात एका सरळ रेषेत दिसले. तो तसाच खाली उतरला, ग्राइंडर जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, हितं या. ह्ये बगा जरा."

मास्तरांनी बघितलं. वर ब्राँझचा अंगठा, खाली हाडामांसाचा. वर दोन बोटं, खाली दोन बोटं. पेराशी वाकलेली करंगळी वर आणि तशीच खाली. वरच्या हातावर सुरकुत्या नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

"बाई," मास्तरांचा आवाज खाली आला. "हा हात तुमचा आहे?"

केराबाईनं ओठ घट्ट मिटले.

"सांगा ना."

"मी भंडारा उचललाय मास्तर," ती म्हणाली. "मला काय बी इचारू नगा. मी माजं काम करायली."

मास्तरांच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर दिसत होतं. आतला माणूस विरघळला होता आणि आतला मुख्याध्यापक अजून ठाम होता. शेवटी मुख्याध्यापक बोलला. "पण ही टकळी धरायची रीत झाली. लेखणी धरायची नव्हे. चूक ती चूकच राहते."

"मास्तर," देवयानीबाई म्हणाल्या, "तुमच्या हातात बघा."

सगळ्यांनी बघितलं. मास्तरांच्या डाव्या हातात वहीचं कोरं पान होतं. उजव्या हातात पेन होतं. टोकाशी धरलेलं, उभं. अंगठा आणि दोन बोटांमध्ये ते सावकाश फिरत होतं आणि करंगळी मोकळी होती.

बघ्यांत हशा पिकला. मास्तर हसले नाहीत. अनोळखी वस्तू बघावी तसे ते आपल्याच हाताकडं बघत राहिले. "छत्तीस वर्षं पोरांना लिहायला शिकवलं," ते म्हणाले. "लिहायच्या आधी आपण काय करतो, ते कधी बघितलंच नाही." मग त्यांनी घसा साफ केला. "शरणप्पा, शिडी काढा. ठराव मी रद्द करून घेतो."

केराबाईचं सूत तुटलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तुटलं. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

दुपारी मास्तर पुन्हा आले. चौथऱ्यावर एक नवा दगड बसवायचा, असं त्यांनी रस्त्यातच ठरवून टाकलं होतं आणि त्यावरचा मजकूर चारही भाषांत कोरायचा होता. तोवर बातमी पोचून अजिनाथ कारखान्यातून आला होता. ऋतुजाही आली होती. ती आता एका शाळेत शिकवते. केराबाईला बागेतल्या बाकावर बसवून सगळे भोवती उभे राहिले.

"तुम्ही एक शब्द बोलू नका," मास्तर केराबाईला म्हणाले. "तुमची आन मोडायला नको. मी मजकूर वाचतो. चुकला असेल तर मान हलवा. बरोबर असेल तर नुसत्या गप्प बसा." आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "या पुतळ्याचा उजवा हात सौ. केराबाई अजिनाथ, सोलापूर, यांचा आहे."

केराबाईनं मान हलवली.

सगळे चपापले. म्हणजे हात हिचा नाहीच की काय? अजिनाथ बायकोकडं बघायला लागला. केराबाईचे डोळे मात्र लेकीवर.

ऋतुजा दोन पावलं पुढं आली. "सर," ती म्हणाली, "आईला कातायला तिच्या वडिलांनी शिकवलं. मेंढरांमागं चालता चालता. धुळा त्यांचं नाव. मैंदर्गीचे."

अजिनाथनं एकदा बायकोकडं बघितलं आणि मास्तरांना म्हणाला, "लिवा मास्तर. तसंच लिवा."

मास्तरांनी पान उलटलं, पेन सरळ धरलं आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात सावकाश लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं, "या पुतळ्याचा उजवा हात केराबाई, धुळा यांची लेक, मैंदर्गी, हिचा आहे."

या खेपेला केराबाईनं मान हलवली नाही. ताठ ठेवली.